अंगण नसलेली अंगणवाडी

काही शब्द आपला इतिहास पोटात घेऊन वावरतात. ‘अंगणवाडी’ हा असाच एक शब्द. आज तो शासकीय योजनेचा भाग म्हणून सहज उच्चारला जातो. परंतु बालशिक्षणातील एक मोठे धाडस त्यात सामावले आहे, याचे स्मरण आपण साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ठेवावे असे आम्हांस वाटते.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले. मात्र माँटेसरींची महागडी साधने ज्यांच्या आवाक्यात होती, त्या शहरी घरांपलीकडे ही विद्या पोहोचत नव्हती. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शिंपले, बिया, पाने आणि खडे हीच साधने झाली. आंघोळ, नखे आणि केस यांचीही काळजी तेथेच घेतली जाई. शिक्षण आणि आरोग्य यांची फारकत त्या अंगणाला ठाऊकच नव्हती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण एका छताखाली आले.

विज्ञान या अनुभवापाशी नंतर पोहोचले. जन्मवेळचे कमी वजन आणि प्रौढपणीचा हृदयविकार यांचा संबंध इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात मांडला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की आपली बाळे वजनाने हलकी, तरीही तुलनेने अधिक चरबीची असतात. पुढील मधुमेहाचे बीज तेथेच असावे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात एक प्रयोग झाला. स्त्रियांना पालेभाज्या, फळे व दूध यांचा खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून रोज देण्यात आला. निदान तीन महिने आधीपासून तो घेणाऱ्यांच्या बाळांचे जन्मवजन वाढले. मात्र अगदी कृश स्त्रियांच्या बाबतीत तसे झाले नाही. बालपणाची सुरुवात आईच्याही बालपणात असते, याचा हा कठोर पुरावा म्हणावा लागेल.

आता उपनगरांकडे पाहू. घाटकोपर व मुलुंडच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत किंवा अंधेरी-बोरिवलीच्या चाळींत अंगण कोठे आहे? अनेक अंगणवाड्या भाड्याच्या चिंचोळ्या खोलीत भरतात. उपनगरांतले मनोरे बांधणाऱ्या मजुरांच्या मुलांपाशी तर स्थिर पत्ताही नसतो. १९७२ पासून मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था बांधकामाच्या जागीच पाळणाघरे चालवीत आली आहे. बोर्डीचेच तत्त्व येथे सिमेंटच्या धुळीत उतरले आहे : मूल येत नसेल, तर आपण जावे.

या व्यवस्थेचा भार जिच्यावर, तिला आपण ‘सेविका’ म्हणतो आणि तिच्या मोबदल्याला ‘मानधन’. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावा लागला. सेवा आणि मान या दोन उदात्त शब्दांआड वेतनाचा प्रश्न किती सफाईने झाकला जातो, हे भाषेच्या अभ्यासकाने ओळखायला हवे.

अंगण म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. घर आणि समाज यांच्यामधला तो उंबऱ्याबाहेरचा पट्टा. तेथे मूल आईचे असते आणि सर्वांचेही असते. जागा गेली तरी ही सामायिक जबाबदारी उरते. ती गेली, तर मात्र उरेल तो केवळ शब्द.