महाडच्या इंग्रजी शाळेंतील वर्गाबाहेरची जागा

महाड व पोलादपूर या भागांत इतिहासाचा अभ्यासक येतो तो बहुधा रायगडाच्या वाटेनें. कोणी उमरठास तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशीं जातो, कोणी पोलादपुरास शिवभारतकर्त्या कवींद्र परमानंदांची समाधि पाहून येतो. तेथील शाळांकडे मात्र सहसा कोणी वळत नाहीं. हजेरीबुक, फळा, बांक हींही इतिहासाचीं साधनें आहेत ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणीं पडलेली नाहीं. प्रस्तुत लेखांत महाडच्या इंग्रजी शाळेंतील एका विद्यार्थ्याच्या बसण्याच्या जागेचा विचार करावयाचा आहे. ही जागा इ. स. १९१४ च्या सुमारास ठरली, आणि ती वर्गाच्या आंत नव्हती.

विद्यार्थ्याचें नांव रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १ मार्च १९०३, महाड तालुक्यांतील लाडवली येथें, महार कुटुंबांत. सावित्री नदीच्या कांठीं महाडच्या खालच्या अंगास दासगांव आहे, त्या गांवाशीं त्यांचा निकट संबंध. या पट्ट्यांत मुंबई इलाख्याच्या फौजेंतून निवृत्त झालेल्या महार शिपायांचीं घरें पुष्कळ होतीं, व फौजेमुळें त्या घरांत अक्षरओळख शिरलेली होती. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ सालीं फौजेंतून निवृत्त झाले, १८८८ सालीं त्यांनीं ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केलें, आणि १८९५ सालीं ते महाड तालुका लोकलबोर्डाचे सभासद झाले. १८९० नंतरच्या वर्षांत दापोलीस अशाच पेन्शनरांनीं आपलीं मुलें म्युनिसिपल शाळेंत बसविण्याकरितां अर्जविनंत्या केल्या. मुलांच्या वांट्यास शाळेची पडवी आली. तेव्हां महाडची गोष्ट आकाशांतून पडलेली नव्हे.

मोरे अकरा वर्षांचे असतां अलिबागेस झालेल्या परीक्षेंत त्यांना शिष्यवृत्ति मिळाली. ती घेऊन ते महाडच्या इंग्रजी शाळेंत गेले, तों प्रवेश नाकारण्यांत आला. कारण असें सांगितलें गेलें कीं, शाळा ज्या इमारतींत भरते तिच्या मालकाची हरकत आहे. मुलानें तक्रारीचें पत्र लिहिलें, तें वृत्तपत्रांत छापून आलें, आणि शाळेस प्रवेश देणें भाग पडलें. परंतु बसण्याची सोय वेगळी, वर्गाबाहेर. मोऱ्यांच्या या आठवणी पुष्कळ वर्षांनीं लिहिलेल्या आहेत व पुढें त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनीं लिहिलेल्या चरित्राबरोबर प्रसिद्ध झाल्या. उशिरां लिहिलेल्या आठवणींत तपशील इकडचा तिकडे होतो हें खरें; तथापि नकार, पत्र व वेगळी जागा या तीन गोष्टी माणूस विसरत नाहीं आणि मनानें रचीतही नाहीं, असें माझें मत आहे.

आतां वर्गाबाहेर बसून शिकणें म्हणजे काय, हें शिक्षकाच्या दृष्टीनें पाहूं. जुन्या मराठी शाळेंत शिक्षणाचा बराचसा भार कानावर असे. पाढे, पावकी, निमकी, अडीचकी यांचा परवचा साऱ्या शाळेनें मिळून म्हणावयाचा. तो पडवींतही ऐकूं येई व रस्त्यावरही. मोडीचा कित्ता मात्र कानानें गिरवितां येत नाहीं. तेथें गुरुजीनें मुलाचा हात धरावा लागतो, निदान पाटी हातांत घेऊन चूक दाखवावी लागते. आणि हात व पाटी या दोहोंसही विटाळ आडवा येई. इंग्रजी शाळेंत याहूनही अवघड. भूमितीची आकृति फळ्यावर निघते, बीजगणिताचें उदाहरण फळ्यावर सुटतें, नकाशा भिंतीवर टांगलेला असतो. फळा ज्याला पुरता दिसत नाहीं त्याला अर्धा वर्ग ऐकूं येऊनही मिळत नाहीं. शिवाय प्रश्न विचारण्यासाठीं मास्तरांची नजर जेथें फिरते त्या रांगांच्या बाहेर हा मुलगा. चाळीस मुलांच्या वर्गांतही कोपऱ्यांतील मुलगा मास्तरांच्या लक्षांतून सुटतो. हें मीं स्वतः केलेलें आहे, म्हणून खात्रीनें लिहितों.

फळ्याविषयीं आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत डॉ. आंबेडकर शिकत असतां त्यांना फळ्याशीं बोलावण्यांत आलें, तेव्हां इतर मुलांनीं फळ्यामागें ठेवलेले आपले खाण्याचे डबे घाईनें उचलले, असें धनंजय कीर यांनीं त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. त्यापूर्वीं साताऱ्याच्या शाळेंत, जेथें त्यांचें नांव नोव्हेंबर १९०० मध्यें दाखल झालें, ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तर नळ स्वतः उघडावयाचा नाहीं. शिपायानें उघडावयाचा, आणि शिपाई नसेल त्या दिवशीं पाणी नाहीं. हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरावरून साताऱ्यास जातां येतें. घाटाच्या वर व खालीं शाळेची रीत एकच होती.

संस्कृताचा अध्यापक या नात्यानें येथें थोडें थांबणें प्राप्त आहे. इंग्रजी शाळेंतील सर्व विषयांत बाहेर बसूनही पुष्कळसा साध्य होईल असा विषय संस्कृत. रामशब्द, हरिशब्द, भू धातु हीं रूपें एका सुरांत म्हटलीं जातात. कान शाबूत असला कीं महिन्याभरांत तीं पाठ होतात. आणि नेमका हाच विषय डॉ. आंबेडकरांना शाळेंत मिळाला नाहीं. त्यांस फारसी घ्यावी लागली. असें कां, म्हणून विचारल्यास शास्त्राकडे बोट दाखविण्यांत येई. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत अनध्यायाचें प्रकरण आहे. शूद्रांच्या सान्निध्यांत अध्ययन करूं नये असा निषेध तेथें सांपडतो. पण तें प्रकरण वेदाध्ययनाचें आहे. मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास शब्दरूपें शिकवूं नयेत याला तो आधार होत नाहीं. तेव्हां वर्गांत जें चाललें होतें तें स्मृतीच्याही पलीकडचें होतें, आणि त्याची जबाबदारी मनूवर ढकलून आम्हां शिक्षकांस मोकळें होतां येणार नाहीं.

याच महाड तालुक्यांतील नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकला पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. त्यांच्या विद्वत्तेविषयीं माझा आदर मोठा आहे. परंतु दोनच वर्षांनीं त्याच तालुक्यांतील दुसरा शिष्यवृत्ति मिळविलेला मुलगा शाळेच्या दारांतून परत फिरला, ही नोंद पहिल्या नोंदीच्या शेजारींच ठेवली पाहिजे.

सरकारी कागद पाहिले तर हा प्रश्न केव्हांच सुटलेला दिसतो. जून १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानें अर्ज केला. मुंबई सरकारनें तो नाकारला. पण १८५८ सालीं विलायतेहून खलिता आला कीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत. १८८२ च्या हंटर कमिशननें हें तत्त्व पुन्हां मान्य केलें, मात्र तें सावधपणें अमलांत आणावें अशी पुस्ती जोडली. या सावधपणानेंच घात केला. आज्ञा वर राहिली, आणि खालीं घरमालक, चालक व मास्तर हे जून महिन्यांत प्रवेशाच्या वेळीं आपापला निर्णय घेत राहिले. ‘पूर्वापार वहिवाट’ असें त्यास म्हणत. पण इंग्रजी शाळा ही वस्तुच इंग्रजी अमदानींतली. तिला पूर्वापार कोठून येणार? जी पद्धति दर जूनला नव्यानें घातली जाते ती वहिवाट नव्हे.

पुढें हाच मुद्दा महाडांतच कोर्टापुढें आला, तो शाळेविषयीं नव्हे तर पाण्याविषयीं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. त्यांत पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांजबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख आहे. जानेवारी १९२४ मध्यें महाड म्युनिसिपालिटीनें आपलीं तळीं सर्वांस खुलीं असल्याचा ठराव केला. अमल झाला नाहीं. तेव्हां शाळेबाहेर बसविलेले मोरे आतां विशींत आले होते, व महाडांत त्यांच्या पुढाकारानें चाललेलें चहापाण्याचें दुकान बाजारास येणाऱ्या अस्पृश्यांचें बसण्याबोलण्याचें ठिकाण झालें होतें. १९ व २० मार्च १९२७ रोजीं भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची खटपट त्यांनींच आरंभिली. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस हे सवर्ण गृहस्थही त्यांत होते. परिषदेस लागणारें पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावें लागलें. २० मार्चला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग मंडळी चवदार तळ्यावर गेली, आणि २५ डिसेंबरला त्याच गांवीं मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टांत १७ मार्च १९३७ रोजीं निकालांत निघाला. अस्पृश्यांस तळ्यावर मज्जाव करण्याची अनादि वहिवाट सवर्णांस सिद्ध करतां आली नाहीं.

चवदार तळ्याचा वृत्तांत लिहिणारे बहुतेक १९२३ च्या ठरावापासून आरंभ करतात. माझ्या मतें तो १९१४ च्या शाळेपासून करावा. पाणी व बसण्याची जागा हीं दोन्ही शाळेंतील मुलास प्रथम भेटतात. ज्यानें एकदां पत्र लिहून दार उघडविलें त्याला दुसऱ्यांदा तेंच करण्याची युक्ति ठाऊक असते. मोरे पुढें मुंबईस गिरणी कामगारांच्या चळवळींत व कम्युनिस्ट पक्षांत गेले. ११ मे १९७२ रोजीं ते वारले.

महाड, दासगांव, पोलादपूर व बिरवाडी या बाजूंच्या जुन्या शाळांचीं दाखलपुस्तकें आणि तपासणीस आलेल्या डेप्युटींच्या शेऱ्यांच्या वह्या ज्यांच्या पाहण्यांत असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. दाखलपुस्तकांत जातीचा रकाना व शाळा सोडल्याचें कारण हे दोन रकाने अवश्य उतरून घ्यावे. शेऱ्यांत मुलें कोठें बसलेलीं आढळलीं याचा उल्लेख असल्यास तो शब्दशः घ्यावा.