लक्ष्मीबाई टिळकांचे धर्मांतर व दुःखपरिहाराचा प्रश्न

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मांतरांचा विचार बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एक पक्ष त्यांकडे मिशनसंस्थांचे कार्य म्हणून पाहतो, दुसरा हिंदु समाजाच्या अंतर्गत दोषांचा परिणाम म्हणून. या दोहोंत धर्मांतरिताच्या मनोव्यथेस फारसे स्थान मिळत नाही. श्रद्धेने मनाची जखम भरून येते, हे विधान चरित्रकार सहज करतात. परंतु ती जखम कोणती, ती कशामुळे झाली आणि भरली म्हणजे नेमके काय झाले, हे इतिहासाच्या अभ्यासकाने तपासलेच पाहिजे. या दृष्टीने अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) टिळक दांपत्याचा वृत्तांत विशेष बोधप्रद आहे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे आपले ठाणे घातले व १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार व मांग जातींतून उभा राहिला. या मंडळींची व्यथा पिढीजात अस्पृश्यतेची होती. मंडळीत मिळणारे नाव, शिक्षण आणि एकत्र उपासना हाच त्यांच्या दृष्टीने उपचार होता. मात्र जातिभेद मंडळीच्या दाराशी संपला नाही, हेही नमूद केले पाहिजे. याच भूमीवर १८९५ नंतर नारायण वामन टिळक हे चित्पावन कवी येऊन राहिले.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या अंतःकरणास या निर्णयाने शांती लाभली असेल. त्यांच्या पत्नीस मात्र त्यानेच सर्वांत मोठा घाव घातला. लक्ष्मीबाईंनी (१८६८–१९३६) वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचा जाच बालपणीच सोसला होता. पुढे पतीचा फिरस्ता स्वभाव आणि अपत्यांचे मृत्यू हेही त्यांच्या वाट्यास आले. आता पती जिवंत असताना त्याच्यापासून दुरावण्याची पाळी आली. लहानग्या दत्तूस घेऊन त्यांनी सुमारे साडेचार वर्षे आप्तांच्या आश्रयाने काढली. त्यांचे पहिले काव्यलेखन याच वियोगकाळातील आहे. म्हणजे दुःखास शब्द देण्याची त्यांची शक्ती धर्मांतराच्या अगोदरची होय. ती नव्या श्रद्धेच्या खाती जमा करणे युक्त होणार नाही.

मग श्रद्धेने काय केले? पुनर्मीलनानंतरही लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. नगर येथे त्यांनी आपले सोवळे व वेगळा स्वयंपाक कायम ठेवला आणि टिळकांनी तो मान्य केला. जाती ईश्वराने निर्माण केल्या की मनुष्याने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःस घातला, व उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. त्यानंतर १९०० साली राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सक्तीचा अभाव, मग विचार, मग आचार आणि शेवटी विधी. ज्या सोवळ्याने बालपण करपले होते, त्याचे बंधन त्यांनी आपल्याच बुद्धीने तोडले. वियोगाचा घाव आणि सोवळ्याचा जुना जाच या दोहोंचा परिहार असा एकाच वाटेने झाला.

या परिवर्तनाची खरी कसोटी पुढील आचरणात दिसते. १८९९–१९०० चा दुष्काळ नगर जिल्ह्यास भयंकर गेला. निराधार झालेल्या मुलांना टिळकांच्या घरात आश्रय मिळाला. बालकवी ठोंबरे हेही पुढे या कुटुंबात राहिले व लक्ष्मीबाईंच्या मायेस पात्र झाले. ते हिंदूच राहिले, यावरून या मायेस बाप्तिस्म्याची अट नव्हती हे उघड होते. अपत्यवियोग सोसलेल्या स्त्रीने परक्यांची मुले पोटाशी धरली. दुःख नाहीसे झाले नव्हते, त्यास कार्य मिळाले होते.

उपासनेची भाषा हा या प्रकरणाचा दुसरा विशेष होय. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत व भजनांत आणली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. परभाषेतून आलेल्या स्तोत्रांपेक्षा ओळखीच्या छंदात मराठी माणसाचे मन अधिक मोकळे होते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. पतीच्या धर्मांतराने जिचा संसार मोडला होता, तिनेच त्याचे ख्रिस्तचरित्र पुढे न्यावे, याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

तथापि येथे साधनचिकित्सा आवश्यक आहे. आपले मुख्य साधन ‘स्मृतिचित्रे’ हे १९३४–३६ मध्ये, म्हणजे घटनांनंतर तीन-चार दशकांनी व टिळकांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. त्यातील विनोद भूतकाळास सौम्य करतो. परंतु लेखिका पतीच्या विक्षिप्तपणावर पांघरूण घालीत नाही, की स्वतःचा आक्रोश लपवीत नाही. केवळ धर्मप्रचारार्थ लिहिणाऱ्याने हे प्रसंग गाळले असते. शिवाय ही एका लेखनकुशल ब्राह्मण स्त्रीची साक्ष आहे. जिल्ह्यातील ज्या असंख्य महार-मांग स्त्रियांनी असे ग्रंथ लिहिले नाहीत, त्यांच्या अनुभवाचे मोजमाप तिने करता येणार नाही.

यावरून इतका निष्कर्ष काढता येतो की, श्रद्धा ही व्यथेवरील तात्काळ औषधी नव्हती. किंबहुना या घरात तिने आधी व्यथाच निर्माण केली. परिहार झाला तो स्वातंत्र्य, सेवा आणि स्वभाषेतील भक्ती या तिहींच्या योगाने, आणि त्यास वर्षे लागली. धर्मांतराचा इतिहास लिहिताना बाप्तिस्म्याच्या तारखेइतकेच या वर्षांकडेही लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.