शेजारधर्माच्या एका मंडळाचा पूर्वेतिहास

महोत्सवाच्या अंकात इतिहास लिहावयाचा म्हणजे कोनशिला कोणी बसविली, घंटा केव्हा आली, वेदी कोणत्या साली बदलली, एवढ्यावरच लेखकाचे बहुधा समाधान होते. ती माहिती या पुस्तिकेत अन्यत्र आलीच आहे. मला येथे एका अशा मंडळाचा वृत्तांत सांगावयाचा आहे, की ज्याची पेटी पुष्कळ देवळांच्या दाराशी असते, जिच्यात आपण नाणे टाकतो, परंतु ते मंडळ निघाले कसे याची सहसा चौकशी करीत नाही. ते म्हणजे सेंट विन्सेंट दी पॉल यांच्या नावाने चालणारे मंडळ.

प्रथम त्या संताविषयी. इ. स. १६१७ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील शातियों या लहानशा गावी फादर विन्सेंट नुकतेच पाळक म्हणून आले होते. एका रविवारी मिस्सेची वस्त्रे परिधान करीत असता त्यांस निरोप मिळाला, की एका घरी सारीच माणसे अंथरुणास खिळली असून त्यांची शुश्रूषा करण्यास कोणी नाही. त्यांनी ही हकिगत प्रवचनात सांगितली. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले, तो वाट जाणाऱ्या-येणाऱ्यांनी भरून गेलेली! त्यांस आनंद झाला खरा. पण त्याच वेळी त्यांच्या व्यवहारी बुद्धीस एक गोष्ट खटकली. आज आलेले अन्न नासून जाणार, आणि चार दिवसांनी त्या घरची चूल पुन्हा थंड पडणार. म्हणून त्यांनी गावच्या स्त्रियांचे मंडळ बांधले, पाळ्या लावून दिल्या व त्याच वर्षी नियमही लिहून काढले. ज्या पाळकाने एखादा पूर किंवा आग पाहिली आहे, त्यास यातले मर्म सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी जुन्या कपड्यांचा ढीग पडतो. पंधरवड्याने त्या कुटुंबाकडे कोण फिरकले, असे विचारले की सारे एकमेकांकडे पाहतात.

आता दोनशे वर्षे ओलांडून पॅरिसला जाऊ. १८३२ साली त्या शहरात पटकीने १८ हजारांवर माणसे दगावली होती. तेथे फ्रेदेरिक ओझानाम नावाचा कायद्याचा एक तरुण विद्यार्थी आपल्या मित्रांसह इतिहासविषयक चर्चासभा चालवीत असे. सभेत नास्तिकही येत. त्यांपैकी एकाने विचारले, की पूर्वी तुमच्या धर्माने मोठी कामे केली असतील, पण आज तुम्ही गरिबांकरिता काय करता? प्रश्न झोंबणारा होता, आणि उत्तर देण्याजोगे काही नव्हते, हे ओझानाम यास प्रांजळपणे कळले. २३ एप्रिल १८३३ रोजी सहा विद्यार्थी व एमान्युएल बायी हे प्रौढ संपादक बायींच्या वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. मंडळाची स्थापना ती हीच.

इच्छा होती, पण जावयाचे कोणाकडे? या मुलांस एकही गरीब कुटुंब ठाऊक नव्हते. तेव्हा बायींनी त्यांस सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे धाडले. ही संन्यासिनी मूफ्तार या दरिद्री वस्तीत कित्येक वर्षे राबत होती. तिने त्यांच्या हाती कुटुंबांची यादी दिली, आणि रोटीच्या चिठ्ठ्याही दिल्या. मला वाटते, या इतिहासात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ती यादी. उत्साह पुष्कळांपाशी असतो. पत्ता एखाद्यापाशीच असतो.

ओझानामच्या वाट्यास जे घर आले तेथे नवरा दारुडा, बायको राबून पाच मुलांस पोशीत असलेली, आणि रोजची मारहाण. चिठ्ठीने हे दुःख कसे मिटावे? त्याने कायद्याच्या नजरेने चौकशी केली, तो त्यांचा विवाह मुळी विधिवत झालाच नव्हता असे निघाले. मग त्याने त्या बाईस लहान मुलांसह ब्रिटनीला आईकडे जाण्याची वाट मोकळी करून दिली, आणि मोठ्या मुलांस बायींच्या छापखान्यात कामास लाविले. जे त्यास आधीच येत होते, तेच येथे कामी आले. कारकुनास अर्ज लिहिता येतो, परिचारिकेस जखम बांधता येते, शिक्षकास मुलाचा अभ्यास घेता येतो. कित्येक वेळा पैशापेक्षा याचीच निकड असते.

पुढील कलह मात्र फारसा कोणी सांगत नाही. आठवा सभासद येऊ लागला तेव्हाच काहींनी नाके मुरडली होती. मैत्रीची ऊब निघून जाईल, ही भीती! पुढे संख्या शंभरावर गेली. डिसेंबर १८३४ मध्ये ओझानामने मंडळाचे भाग पाडण्याची सूचना मांडिली, तेव्हा तर मोठा वाद माजला. एकत्र राहण्याचे सुख सोडावयाचे कोणी? अखेर १८३५ साली विभागणी झाली, आणि देऊळ तेथे शाखा ही प्रथा पडली. भाग पडले म्हणूनच हे कार्य पॅरिसच्या एका खोलीत न थांबता परक्या देशांत व आपल्याकडेही पोहोचले. ओझानाम १८५३ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी निवर्तला. १९९७ साली तो व २००३ साली सिस्टर रोझाली धन्यवादित घोषित झाली.

आपल्या शाखेच्या वहीत मी या निमित्ताने डोकावलो. यादीतील घरे वाढली आहेत. जाणारी माणसे बहुतेक तीच, आणि त्यांचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात. जिन्यावरच्या दोन म्हाताऱ्यांकडे तर सध्या कोणीच जात नाही. सभा रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर साक्रिस्तीलगतच्या खोलीत भरते. दार उघडे असते, आणि यादी टेबलावरच ठेविलेली असते.