कवटीची डावी-उजवी बाजू

आपल्याकडे परदेशी शिकून आलेल्यांची चरित्रे बहुधा बंदरावरच्या हारतुऱ्यांपासून सुरू होतात आणि पदवीदानाच्या झग्यापाशी थांबतात. मधली वर्षे एका ओळीत उरकली जातात. ‘तेथे त्यांनी अमुक विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट संपादन केली’ एवढे लिहिले, की चरित्रकार हात झटकून मोकळा! ‘युगान्त’कार इरावतीबाई कर्वे यांच्या बर्लिनमधल्या दोन वर्षांचेही बराच काळ असेच झाले. त्या एका ओळीत काय दडले होते, ते मात्र पाहण्यासारखे आहे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. पुढे मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ साली त्या एम.ए. झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी जर्मनीची आगबोट गाठली. यजमान दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक; ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले, तेव्हा त्यांचा आग्रहच होता. विरोध केला तो सासऱ्यांनी, आणि सासरे कोण, तर महर्षी अण्णासाहेब कर्वे! ज्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, त्यांनाच सुनेचे विलायतेस जाणे रुचू नये, हे वाचून आजचा वाचक हसेल. पण हसू नये. सुधारक झाला तरी तो आपल्या पिढीचा माणूस असतो, आणि जगाला दिलेला उपदेश घराच्या उंबऱ्याशी आला की त्याचाही पाय अडखळतो. अखेर जीवराज मेहता यांनी कर्ज दिले आणि प्रवासाची सोय झाली. हे कर्ज आपण ध्यानात ठेवले पाहिजे. उसन्या पैशांवर परदेशी बसलेल्या विद्यार्थ्याला अपयश परवडत नाही, आणि गुरूची नाराजी तर त्याहून परवडत नाही.

बर्लिनच का, असे कोणी विचारील. १८१० साली हुम्बोल्टच्या कल्पनेतून उभे राहिलेले ते विद्यापीठ. शिकविणे आणि संशोधन करणे ही कामे एकाच छपराखाली व्हावीत, हा त्यामागचा विचार. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सने १८७६ साली हाच कित्ता गिरविला. ऑक्सफर्डने डॉक्टरेटची ही नवी पदवी सुरू केली ती १९१७ साली. तेव्हा ज्याला केवळ परीक्षा न देता संशोधन करावयाचे आहे, त्याची नजर जर्मनीकडे वळणे साहजिक होते. झाकीर हुसेन यांनी बर्लिनमध्येच डॉक्टरेट घेतली. राममनोहर लोहियाही पुढे तेथेच शिकले. या पद्धतीत विद्यार्थ्याला मोकळीक फार. तथापि विषय कोणी द्यावा, सामग्री कोठून मिळावी आणि शेवटी गुण कोणी द्यावेत, हे सारे एका प्राध्यापकाच्या हाती असे. जर्मन लोक त्याला ‘डॉक्टर-पिता’ म्हणतात. आपल्या गुरुकुलाहून हे फारसे वेगळे नव्हे.

इरावतीबाईंना लाभलेला हा पिता म्हणजे ऑयगेन फिशर. बर्लिनच्या दालेम भागात १९२७ साली कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांना वाहिलेली शाखा निघाली, तिचे हे संचालक. वंशसंकराच्या अभ्यासावर त्यांनी नाव कमावले होते. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत १९०८ साली त्यांनी रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांची मोजमापे घेतली होती. आता त्यांच्या मनात एक नवे गृहीतक होते. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात. हा फरक गोऱ्या युरोपीयांत अधिक असला पाहिजे, आणि त्यांच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीचे मूळ त्यातच असले पाहिजे, असे ते गृहीतक. ते सिद्ध करण्याचे काम त्यांनी हिंदुस्थानातून आलेल्या या तेवीस वर्षांच्या मुलीकडे सोपविले. यातली विसंगती त्यांना जाणवली होती की नाही, कोण जाणे!

कवट्या होत्या १४९. त्यांपैकी काही युरोपातल्या, तर काही पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या. परक्या देशातील मेलेल्या माणसांची डोकी बर्लिनच्या कपाटात कशी येऊन पोहोचली, हा प्रश्न त्या काळी प्रयोगशाळेत विचारण्याची पद्धत नव्हती. हे काम मोठे चिकाटीचे. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका पातळीत आणून कवटी बसवायची, मापे घ्यायची, डाव्या बाजूचा आकडा उजवीशी ताडून पाहायचा, आणि मग दुसरी कवटी उचलायची. हे सारे नव्याने आत्मसात केलेल्या जर्मन भाषेत लिहून काढायचे.

आकड्यांनी गुरूला साथ दिली नाही. डाव्या-उजव्याचा भेद होता, पण तो सर्वांत होता. गोऱ्यांत तो अधिक आणि काळ्यांत कमी, असे काही दिसेना. आता करावयाचे काय? चार आकडे इकडे-तिकडे सरकविणे अशक्य नव्हते. निदान निष्कर्षाची भाषा गुळमुळीत ठेवता आली असती. अशी उदाहरणे विद्येच्या इतिहासात थोडी नाहीत. इरावतीबाईंनी दिसले ते लिहिले. प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली आणि १९३१ साली तो छापूनही निघाला. त्याचे नावच असे, की त्यातून सारे कळावे : मानवी कवटीची ‘स्वाभाविक’ असमता.

पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्याला त्यांच्या संस्थेने विद्वत्तेचे पाठबळ दिले. त्यांच्यामागून संचालक झालेल्या फेर्शुअर यांच्याकडे तर आउश्वित्झच्या छळछावणीतून मेंगेले नमुने पाठवीत असे.

आता इरावतीबाईंना वीरांगना ठरविण्याचा मोह कोणालाही होईल. मला तो आवरावासा वाटतो. गुरूचा निष्कर्ष त्यांनी नाकारला. गुरूचे हत्यार मात्र त्या बरोबर घेऊन आल्या. पुढची कितीतरी वर्षे त्या महाराष्ट्रातील जातीजातींच्या माणसांची डोकी, नाके, उंची मोजीत हिंडल्या. रिस्ले यांनी १९०१ च्या खानेसुमारीच्या वेळी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली होती, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नव्हे. इरावतीबाईंना उतरंड लावावयाची नव्हती. एका जातीच्या नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती मुळात वेगवेगळ्या असाव्यात, हे त्यांना दाखवावयाचे होते. तरीही मोजणाऱ्याच्या हातातली ती पट्टी कोणत्या कारखान्यातून आली, याचा जाब त्यांनी जितका कठोरपणे घ्यावयास हवा होता तितका घेतला, असे मला वाटत नाही. १९५३ साली आलेल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात आणि पुढे ‘युगान्त’मध्ये भेटतात त्या इरावतीबाई निराळ्या. तेथे माणूस मापात न धरता नात्यात धरलेला आहे. बर्लिनपासून तेथवरचा रस्ता त्या एका दमात चालून गेल्या नाहीत, एवढेच म्हणायचे.

दालेममधली संस्थेची ती इमारत अजून उभी आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फ्री युनिव्हर्सिटीचे राज्यशास्त्राचे वर्ग तेथे भरू लागले, आणि १९८८ पासून दारावर जुन्या इतिहासाची पाटी आहे. २०१४ साली जवळच खोदकाम चालले असता जमिनीतून हाडे निघाली. पुढच्या उत्खननांत मिळून सुमारे १६,००० तुकडे सापडले. ती कोणत्या वंशाच्या माणसांची, याचा शोध घेण्यासाठी आणखी तपासण्या करावयाच्या नाहीत, असे बळी पडलेल्या समाजांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करून ठरले. २०२३ च्या मार्चमध्ये दालेमच्याच दफनभूमीत ते सारे तुकडे, न मोजता-मापता, एकत्र पुरण्यात आले.