भावाची विहीर



वडिलार्जित शेतांत एका भावानें स्वतःच्या पैशानें विहीर बांधली. पुढें वाटणी निघाली. आतां त्या विहिरीचें काय? हा तंटा आमच्या वऱ्हाडांत घरोघर ऐकूं येतो, पण तो आजचा नव्हे.

सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. तींत निर्णय स्पष्ट आहे. एकत्र असतां एका भावानें शेतीनें किंवा व्यापारानें सामाईक धन वाढविलें, तरी वांटे सारखेच. मात्र परक्याकडे गेलेली वडिलार्जित जमीन ज्यानें भावांच्या संमतीनें, घरचें धन न वेंचतां सोडविली, त्यास चौथा हिस्सा आधीं द्यावा आणि उरलेल्याचे समान भाग करावे. म्हणजे गेलेली जमीन आणणारा चौथाईचा धनी, आणि असलेली बागाईत करणारा रित्या हाताचा! पण शास्त्रकारांस निष्ठुर म्हणण्यापूर्वीं एक ध्यानांत घ्यावें. चूल एक होती. विहीर खणणाऱ्याचीं मुलें कोणाच्या हातचें जेवलीं, त्याच्या आजारपणांत वखर कोणीं हांकला, याची वही कोणी ठेवीत नसे.

इंग्रजी अमलांत वऱ्हाडची मोजणी मुंबईच्या पद्धतीनें झाली. त्या मुंबई इलाख्याच्या 1879 च्या जमीनमहसूल कायद्यानें, रयतेनें स्वतःच्या भांडवलानें केलेल्या सुधारणेपायीं सारा वाढवूं नये, असें ठरविलें. सरकारनें ओळखलेले कष्ट भाऊबंद मात्र ओळखीतच असें नाहीं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचें 51 वें कलम, जमीन आपलीच असें प्रामाणिकपणें समजून ती सुधारणाऱ्या खरेदीदारास मोबदला देववितें. भाऊ तर इतर हिस्सेदार आहेत हें जाणूनच खणतो. त्यास तें लागू पडत नाहीं. न्यायालयें फार तर, इतरांचें नुकसान होत नसेल तर, सुधारलेला तुकडा त्याच्याच वांट्यास घालतात.

2005 च्या दुरुस्तीनें मुलीही जन्मतःच हिस्सेदार झाल्या. सासरीं गेलेल्या बहिणीनें त्या विहिरीचें पाणी कधीं भरलें नाहीं, म्हणून तिचा हक्क उणा होत नाहीं.

आमच्या नांदगाव पेठेस औद्योगिक वसाहत झाली, शेतांचे भाव चढले. तशाच एका वाटणींत मी पंच होतों. धाकटा म्हणाला, “दादा, पैसा तुहा, पन जागा त बाबाची आहे ना!” थोरला खालीं पाहत राहिला. अखेर विहिरीकडची बाजू त्यास दिली, धाकट्यास आठवड्यांतून दोन दिवस पाण्याची पाळी लिहून दिली, बहिणीचा वांटा वेगळा मोजला. सही करतांना तिनें विचारलें, “विहीर खणली तेव्हां माझ्या बांगड्या गहाण टाकल्या होत्या, त्या कोणाच्या खात्यांत?” तो कागद आम्हीं पुन्हा लिहिला.