लिनन : शेत फ्रान्सचे, सूत चीनचे

उन्हाळा आला की लिननच्या शर्टांना मागणी वाढते. हे महागडे कापड ज्या झाडापासून तयार होते, ते मात्र मराठी माणसाला अनोळखी नाही. विदर्भात रब्बी हंगामात घेतले जाणारे जवस, म्हणजेच अळशी, आणि लिननचे पीक ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच वनस्पती होय. आपल्याकडे तिचे बी तेलघाण्यात आणि चटणीत जाते. कापडाचा तंतू मात्र युरोपातून आणावा लागतो.

याचे कारण वाणात आणि हवेत आहे. बियांसाठीचे झाड बुटके व फांद्या फुटणारे असते. तंतूसाठीची वाणे सुमारे एक मीटर उंच आणि सरळसोट वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये पेरलेले हे पीक साधारण शंभर दिवसांत तयार होते. ते कापत नाहीत. तंतूची पूर्ण लांबी मिळावी म्हणून मुळासकट उपटतात आणि शेतातच ओळीने पसरून ठेवतात. पुढचे काही आठवडे दव, पाऊस आणि ऊन यांच्या हवाली. ताग पाण्यात कुजवतात, तसाच हा प्रकार; फक्त इथे काम दवाचे. सूक्ष्म जीव काडीतील चिकट द्रव्य खातात आणि तंतू सुटा होतो. ओल कमी पडली तर तो सुटत नाही, जास्त झाली तर कुजून वाया जातो. हा समतोल साधणारी हवा नॉर्मंडीपासून बेल्जियममार्गे नेदरलँड्सपर्यंतच्या किनारपट्टीला लाभली आहे. कापडाच्या दर्जाच्या तंतूपैकी जवळपास तीन चतुर्थांश या एका पट्ट्यातून येतो आणि त्यात फ्रान्सचा वाटा सर्वांत मोठा. शिवाय त्याच जमिनीत हे पीक सहा-सात वर्षांनीच पुन्हा घ्यावे लागते. त्यामुळे मागणी वाढली म्हणून लागवड एकदम वाढवता येत नाही.

सूतकताईची कथा निराळी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापूस आटला, तेव्हा मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांप्रमाणेच बेलफास्टच्या लिनन गिरण्यांचीही चांदी झाली होती. पुढे ही कताई पश्चिम युरोपातून जवळजवळ उठलीच. बारीक सुतासाठी तंतू गरम पाण्यातून काढावा लागतो. काम खर्चिक, मनुष्यबळही बरेच लागते. आज युरोपातील बहुतांश तंतू चीनला जातो, तेथे त्याचे सूत व कापड होते आणि त्यातला बराचसा माल पुन्हा युरोप-अमेरिकेच्या दुकानांत येतो. १७७८ साली स्थापन झालेल्या 'साफिलिन' या फ्रेंच कंपनीनेही आपली कताई पोलंडला हलवली होती. २०२२ मध्ये तिने उत्तर फ्रान्समधील बेथून भागात पुन्हा गिरणी सुरू केली. भारतही या तंतूचा मोठा ग्राहक आहे. पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठच्या रिशरा येथील 'जयश्री टेक्स्टाइल्स' हे त्यातील ठळक नाव.

जगातील एकूण वस्त्रतंतूंमध्ये लिननचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्या लहान बाजाराचा कच्चा माल एकाच पट्ट्यातून येत असल्याने तेथील पावसाचा फटका थेट रिशरापर्यंत बसतो. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे कोरड्या हवेने पीक घटले आणि २०२४ च्या सुरुवातीपर्यंत लांब तंतूचे भाव काही वर्षांपूर्वीच्या दुपटीहून अधिक झाले. शेतकरी सुखावले, गिरण्या मात्र कात्रीत सापडल्या. अशा वेळी सुतात कापूस किंवा व्हिस्कोस मिसळणे हा सोपा मार्ग ठरतो.

ग्राहकाची फसगत होते ती इथेच. आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात लिननच्या विणलेल्या कापडाला ५३०९ हा क्रमांक असून, वजनाने ८५ टक्के वा त्याहून अधिक लिनन असलेले कापड आणि त्याहून कमी असलेले कापड अशी त्यात स्पष्ट विभागणी आहे. दुकानाच्या पाटीवर मात्र दोन्ही 'लिनन'च. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात मिळणाऱ्या चादरींनाही 'लिनन' म्हणतात, पण त्या असतात सुती.