छायाचित्र-फाइलमधील बदल ओळखणे

छायाचित्र-फाइलमधील बदल ओळखणे : संग्रहात नोंदवलेली फोटोची फाइल नंतर बदलली का, हे फोटो सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासण्याची रीत.

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. लँडसॅट-8 उपग्रहाने 25 मे आणि 10 जूनला टिपलेल्या प्रतिमा नासाने शेजारी-शेजारी मांडून तो फरक दाखवला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्याच्या नमुन्यांत हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव आढळले. अशा घटनेच्या फोटोतला गुलाबी रंग पाण्याचा की नंतर चढवलेला, हा प्रश्न संग्रह करणाऱ्यासाठी कळीचा असतो.

सॉफ्टवेअर सरोवर ओळखत नाही. ते फाइल तपासते. प्रत्येक फाइलचे ठिकाण, आकारमान आणि शेवटच्या बदलाची वेळ त्याच्या डेटाबेसमध्ये असते. पुढच्या फेरीत यांतले काही जुळले नाही, तर फाइल पुन्हा वाचून थंबनेल, म्हणजे फोटोची छोटी प्रतिमा, नव्याने तयार होते. लिनक्सवर आयनोटिफाय, मॅकवर एफएसइव्हेंट्स या सोयींमुळे बदलाची वर्दी तत्काळही मिळते.

ही तपासणी वेगवान खरी, पण तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे. वेळेची नोंद कुणालाही बदलता येते. जुन्या फॅट पद्धतीच्या मेमरी कार्डावर तर ती दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच होते.

खात्री हवी असेल तर हॅश, म्हणजे फाइलमधील बाइटांवरून ठरणारी संख्या, काढावा लागतो. एसएचए-256 ही पद्धत फाइलमधील सर्व बाइट वाचून 256 बिटांची संख्या देते. एक बिट जरी बदलला तरी ती संख्या पार वेगळी येते. हजारो फोटो पूर्ण वाचायला मात्र वेळ लागतो. म्हणून डिजिकॅम हे मुक्त सॉफ्टवेअर फाइलचे सुरुवातीचे आणि शेवटचे शंभर-शंभर किलोबाइटच हॅशसाठी घेते. मोठ्या फाइलच्या मधल्याच भागात बिघाड झाला, तर या हॅशमधून तो कळत नाही.

फोटोला फक्त ‘लोणार’ अशी ओळ जोडून ती फाइलमध्येच साठवली, तरी पूर्ण फाइलचा हॅश बदलतो. चित्र मात्र तेच राहते. ती ओळ सोबतच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिली, तर मूळ फाइलला धक्का लागत नाही. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो पुन्हा संकुचित केला जातो आणि त्यातली कॅमेऱ्याची माहितीही गळते. त्यामुळे ती प्रत हॅशच्या हिशेबी निराळीच फाइल ठरते.

हॅश नोंदवण्याआधी झालेला फेरफार त्यावरून कळत नाही. म्हणून लोणारचे फोटो जपणाऱ्यांनी कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणि तिचा पूर्ण हॅश पहिल्याच दिवशी वेगवेगळ्या जागी ठेवावा.